दूधभात पुरत नाही गं!

अगं, धारवाडच्या मालमड्डीतल्या तुमच्या कौलारू घरात मांजराचं पिल्लू आलं आणि सासूबाईंनीही त्याला मांडीवर घेतलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण "अक्का, दूधभात कसं मिटक्या मारत खातं!" असं तू म्हणालीस आणि मला काळजी लागली. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

मांजर मुळातच मांसाहारी. त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला टॉरिन नावाचा घटक लागतो. त्याचं शरीर तो पुरेसा बनवू शकत नाही. मांस-मासळीतून मिळतो, भाताभाकरीतून नाही. नुसत्या दूधभातावर वाढलेल्या मांजराची नजर हळूहळू अधू होऊ शकते, हृदयही कमजोर पडतं. पूर्वी घरोघरची मांजरं माळ्यावरचे उंदीर खाऊन कसर भरून काढायची. तुझं पिल्लू तर घरातच राहणार.

मला ठाऊक आहे, आपल्याकडच्या कितीतरी घरांत अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. माझ्या मते तुला सोयीचा मार्ग म्हणजे पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाद्य. त्यातही मांस असतंच, ते सासूबाईंपासून लपवू नकोस. वाटी वेगळी, जागा मागच्या पडवीत, धुणं वेगळं, एवढं आधीच ठरवून घे. समजावून सांगितलं की मोठी माणसं ऐकतात गं, फसवलं की दुखावतात. कुत्र्याचं खाद्य मात्र स्वस्त मिळालं तरी आणू नकोस, त्यानं मांजराची गरज भागत नाही. आणि दूध? वाढत्या वयात बहुतेक मांजरांना ते पचेनासं होतं, जुलाब लागतात. त्यापेक्षा स्वच्छ पाणी ठेव, खाण्याच्या वाटीपासून थोडं लांब. कांदा-लसूण घातलेलं काहीही देऊ नकोस. त्यानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिल्लू अंगानं गरम लागलं म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटॅमॉल कधी, कधीही देऊ नकोस. एका गोळीनंही मांजर दगावू शकतं. त्याचं अंग एरवीही आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण १०० ते १०२ फॅरनहाइट. पिसवांसाठी कुत्र्याचं औषधही लावू नकोस, त्यात अनेकदा असणारं पर्मेथ्रिन मांजराला विष आहे.

लशींचं गणित सोपं आहे. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की तीन रोगांवरची एकत्रित लस, मग चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. बारा आठवड्यांनंतर रेबीजची. जंताचं औषध डॉक्टर वजन बघून देतील. तुझं पिल्लू मादी आहे ना? मग नसबंदीचं आत्ताच विचारून ठेव. मादी चार-पाच महिन्यांचीच माजावर येऊ शकते आणि दोन महिन्यांत पिल्लं होतात. मग ती पिल्लं पिशवीत घालून बाजारात सोडून येणारी माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. जनावराला असं उपाशी मरायला सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

धारवाडचा पाऊस तर तुला माहीतच. जूननंतर सगळं दमट असतं. वाळूचा ट्रे कोरड्या कोपऱ्यात ठेव, रोज साफ कर. अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ती बुरशी असू शकते. ती माणसांनाही लागते, म्हणून लगेच दाखव. जाऊबाई गरोदर आहेत म्हणून मांजर बाहेर काढा, असं कुणी म्हणालं तर घाबरू नकोस. त्यांनी फक्त ट्रेला हात लावायचा नाही, आणि तो दुसऱ्या कुणी रोजच्या रोज साफ करायचा. मांजराच्या विष्ठेतले, गर्भाला बाधू शकणारे टॉक्सोप्लाझ्माचे जंतू बाधा करण्याजोगे व्हायला निदान एक दिवस तरी लागतो, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची.

मांजर आपलं दुखणं लपवतं. कोपऱ्यात दडून बसतं, अंग चाटणं सोडतं. सलग दोन दिवस खाल्लं नाही तर यकृतावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा "खाईल उद्या" म्हणत बसू नकोस. शेजारच्या काकूंच्या बोक्यासाठी त्यांनाही एक सांग. बोका पुन्हा पुन्हा वाळूत जाऊन कुंथतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग अडला असं समजायचं. त्यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असो की रविवार, डॉक्टर गाठायचाच.

कुणाला चावलं-ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि दवाखान्यात जा, हळद भरून घरी बसू नका.

बाकी तू प्रेमळ आहेस, ते मला सांगावं लागत नाही. याच आठवड्यात पिल्लाला डॉक्टरांकडे ने, पहिली लस टोचून आण, आणि त्यांचा नंबर सासूबाईंच्या फोनमध्येही घालून ठेव.