वर्गातील शब्द शेवटच्या रांगेपर्यंत
(ध्वनिवर्धक संच बसविण्यापूर्वी व बसविताना)

प्राथमिक शाळेतील अध्यापनाचा फार मोठा भाग मुखाने होतो व कानाने ग्रहण केला जातो. फळा, पुस्तक व पाटी यांचे महत्त्व मोठे असले, तरी पहिली-दुसरीतील बालकाला नव्या शब्दाचा परिचय प्रथम कानानेच होतो. जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलले जात नाही, आणि जे नीट बोलले जात नाही ते नीट लिहिलेही जात नाही. असे असूनही शाळागृहाचा विचार करताना उजेड, हवा व पाणी यांकडे लक्ष दिले जाते. वर्गात शब्द कसा पोहोचतो याची चौकशी क्वचितच होते. बारामती व इंदापूर या तालुक्यांतील शाळांची परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

१. अडचणीचे स्वरूप

नीरा डाव्या कालव्याखालील बागायत पट्ट्यात गळिताचा हंगाम सुरू झाला, की माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर व बैलगाड्या रस्त्याकडेच्या शाळांवरून दिवसभर जात असतात. भिगवण व इंदापूरवरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. जिरायत गावांत रहदारी बेताची असली, तरी पत्र्याचे छप्पर असलेल्या खोलीत पावसाची एखादी जोरदार सर आली, की शिक्षकास बोलणे थांबवावे लागते. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवणे भाग असते. त्यामुळे बाहेरचा आवाज आत येतो आणि डोक्यावर पंख्याची घरघर चालू असते. द्विशिक्षकी शाळेत शेजारच्या वर्गाचे पाढे भिंतीवरून ऐकू येतात, ते वेगळेच.

आवाजाची तीव्रता डेसिबल या मापाने मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाज ६ डेसिबलने घटतो. शिक्षकाचा आवाज त्याच्यापासून एक मीटरवर ६५ डेसिबल आहे असे धरल्यास तो दोन मीटरवर ५९, चार मीटरवर ५३ व सहा मीटरवर सुमारे ४९ इतका उरतो. वर्गातील गोंगाट ५० असेल, तर शेवटच्या रांगेत शब्द व गोंगाट समान होतात. लहान मुलांना भाषण स्पष्ट कळण्यासाठी शब्द गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वरचढ असावा, असे श्रवणशास्त्राचे मत आहे. प्रौढ मनुष्य अर्धवट ऐकलेले वाक्य आपल्या भाषाज्ञानाने पुरे करू शकतो. बालकाजवळ ती शिदोरी नसते.

यात तीन प्रकारच्या मुलांची हानी अधिक होते. ज्यांचा कान वाहतो किंवा सर्दीने वारंवार दडा बसतो, त्यांना कधी नीट ऐकू येते, कधी येत नाही. म्हणून घरी वा शाळेत ही गोष्ट ध्यानात येत नाही. ऊसतोड कामगारांची जी मुले हंगामापुरती शाळेत येतात, त्यांपैकी काहींची घरची भाषा बंजारा असते. अनोळखी भाषेतील शब्द कळण्यास तो अधिक स्वच्छ ऐकू यावा लागतो. तिसरा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आहे, तो म्हणजे नेहमी मागेच बसणारी मुले. अशा मुलावर ‘लक्ष देत नाही’ किंवा ‘मठ्ठ आहे’ असा शिक्का बसतो व तो वर्षानुवर्षे पुसला जात नाही. उत्तर न देणारे मूल आळशी आहे, की त्याने प्रश्नच ऐकला नाही, हे ठरविणे शिक्षकाचे कर्तव्य होय.

२. शब्दांची परीक्षा

कोणतेही यंत्र आणण्यापूर्वी वर्गाची परीक्षा घ्यावी. तिला खर्च येत नाही. मराठीत अल्पप्राण व महाप्राण यांच्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या शब्दजोड्या विपुल आहेत : पाट-पाठ, दार-धार, बाग-भाग, पळ-फळ, सात-साथ, गर-घर, ताट-थाट, काच-खाच. स्वर मोठ्याने ऐकू येतात. व्यंजने मात्र दुर्बळ व क्षणिक असतात आणि गोंगाटात प्रथम तीच बुडतात. म्हणून अशा जोड्यांतून प्रत्येकी एक शब्द निवडून वीस शब्दांची यादी करावी. शिक्षकाने आपल्या नेहमीच्या जागी उभे राहून, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे वही धरून, नेहमीच्याच आवाजात ते शब्द सांगावेत व मुलांनी लिहावेत. मात्र वही तोंडाला टेकवू नये. टेकविल्यास आवाजच दबतो.

दुसऱ्या दिवशी पुढची मुले मागे व मागची पुढे बसवून तशीच दुसरी यादी सांगावी. दोन्ही दिवसांचे गुण मुलांच्या व रांगांच्या क्रमाने मांडावेत. जे मूल पुढे अधिक व मागे कमी गुण मिळविते, त्याची अडचण खोलीची आहे. जे पुढे बसूनही चुकते, त्याचे लेखन कच्चे आहे की ऐकणे, हे जवळून तोंडी विचारून पाहावे. ऐकण्याचा संशय आल्यास त्या मुलाचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास कळवावे. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात श्रवणदोष व कानाचे विकार यांचा समावेश आहे. कान वाहणाऱ्या मुलास ध्वनिवर्धक हा उपचार नव्हे. त्याला प्रथम वैद्याची गरज असते. पालकांनी कानात तेल वा पाल्याचा रस घालू नये, हेही त्यांस समजावून सांगावे.

३. खोलीचे घुमणे

बंद खोलीत आवाज भिंती, फरशी व छप्पर यांवर आपटून परततो. एका अक्षराचा घुमारा विरण्यापूर्वीच दुसरे अक्षर येते व दोन्ही एकमेकांत मिसळतात. आवाज ६० डेसिबलने विरण्यास लागणारा काळ हे घुमण्याचे माप होय. या शास्त्राचा पाया अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांनी घातला. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळत नसत. सेबाइन यांनी रात्रीच्या शांततेत दुसऱ्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडल्या आणि गाद्यांची संख्या वाढवीत घुमण्याचा काळ कसा घटतो ते मोजले. त्यांचा नियम सोपा आहे : खोलीचे घनमीटरमधील आकारमान ०.१६१ ने गुणावे व खोलीतील एकूण ध्वनिशोषणाने भागावे. उत्तर सेकंदांत येते.

उदाहरणार्थ, ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३.५ मीटर उंच अशी खोली घ्यावी. तिचे आकारमान १४७ घनमीटर होते. गुळगुळीत गिलावा व फरशी असलेल्या रिकाम्या खोलीचे शोषण २० चौरस मीटर धरल्यास घुमण्याचा काळ सुमारे १.१८ सेकंद येतो. तीत ३० मुले बसली व प्रत्येकाचे शोषण ०.३ धरले, तर एकूण शोषण २९ होऊन काळ ०.८२ सेकंदांवर येतो. अर्धा आवाज शोषणाऱ्या जाड कापडाचे २० चौरस मीटर आच्छादन लावल्यास आणखी १० ची भर पडते व काळ सुमारे ०.६१ सेकंद होतो. लहान वर्गांसाठी ०.६ सेकंद ही मर्यादा अमेरिकन मानकात २००२ पासून स्वीकारलेली आहे.

हे आच्छादन बाजारातूनच आणले पाहिजे असे नाही. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या घरोघर असतात. स्वच्छ धुतलेली गोधडी लाकडी चौकटीवर ताणून, भिंतीपासून वीतभर पुढे, मागील व बाजूच्या भिंतींवर लावावी. गोधडी व भिंत यांमध्ये पोकळी ठेवल्यास शोषण वाढते. त्याच चौकटींवर मुलांची चित्रे टाचता येतात. मात्र कागदाने सर्व कापड झाकू नये. चौकटी विजेच्या बटनांपासून व तारांपासून दूर असाव्यात आणि वाळवीसाठी वेळोवेळी तपासाव्यात. पंख्याचे बेअरिंग बदलणे, बाकांच्या पायांना रबर लावणे, पत्र्याचे सैल स्क्रू आवळणे, हीही ध्वनिसुधारणाच होय.

हा क्रम उलट करू नये. घुमणाऱ्या खोलीत नुसता आवाज वाढविल्यास शब्दाबरोबर घुमाराही वाढतो. वर्ग मोठा ऐकू येतो, स्पष्ट नव्हे.

४. संचाची निवड

मैदानावरील प्रार्थनेसाठी वापरला जाणारा कर्णा वर्गात लावू नये. तो आवाज दूर फेकण्यासाठी बनविलेला असतो. वर्गासाठी चार लहान पेटीवजा लाउडस्पीकर किंवा समोर एक-दोन उभे स्तंभाकार लाउडस्पीकर योग्य होत. वरील आकाराच्या खोलीस १० ते २० वॉटचा ध्वनिवर्धक पुरेसा आहे. हेतू आवाज गडगडविण्याचा नसून शेवटच्या रांगेत ८ ते १० डेसिबलची भर घालण्याचा आहे.

मायक्रोफोन हातात धरावयाचा नसावा. शिक्षकास फळा व पुस्तक यांसाठी दोन्ही हात मोकळे हवेत. डोक्याला अडकवून ओठाजवळ राहणारा मायक्रोफोन सर्वांत चांगला. मायक्रोफोन तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला, की शब्द सुमारे ६ डेसिबलने सबळ मिळतो व तेवढाच यंत्राचा जोर कमी ठेवता येतो. बिनतारी संच घेतल्यास शेजारच्या दोन वर्गांचे संच निरनिराळ्या वारंवारितेचे असल्याची खात्री करून घ्यावी. अन्यथा इकडचे शिक्षक तिकडच्या वर्गात बोलू लागतील.

वीज अनियमित असलेल्या ठिकाणी १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा संच घ्यावा. ७ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी अर्धीच वापरावी, असा नियम ठेवल्यास ती टिकते. संच सरासरी १ अँपिअर प्रवाह घेत असल्यास अशा बॅटरीवर साडेतीन तास काम होते.

५. जोडणी व मांडणी

लाउडस्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसलेल्या मुलांच्या डोक्यांपेक्षा थोडे वर, सुमारे दोन मीटर उंचीवर, किंचित खाली वळवून बसवावेत. चारही लाउडस्पीकर ८ ओहमचे असतील, तर दोन-दोन एकापुढे एक जोडून १६ ओहमच्या दोन जोड्या कराव्यात व त्या जोड्या समांतर जोडाव्यात. एकूण रोध पुन्हा ८ ओहम होतो. चारही समांतर जोडल्यास तो २ ओहमवर उतरतो व ध्वनिवर्धक जळण्याचा धोका असतो.

सर्व लाउडस्पीकरांचे पडदे एकाच वेळी एकाच दिशेने हलले पाहिजेत. नाहीतर एकाचा आवाज दुसरा खातो. लाउडस्पीकर ध्वनिवर्धकास जोडण्यापूर्वी त्याच्या दोन तारांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावून पाहावा. पडदा बाहेर सरकला, तर सेलच्या धन टोकाला लागलेली तार धन समजून तिला लाल दोरा बांधावा. अशा रीतीने सर्व तारा ओळखून मगच जोडणी करावी. विजेचा भाग मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावा. भूसंपर्काची तार अवश्य असावी, तारा मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा नळीतून न्याव्यात, आणि विजा चमकत असताना संच मुख्य जोडणीतून काढून ठेवावा.

आवाज ठरविण्यासाठी दोन शिक्षक लागतात. एकाने बोलावे, दुसऱ्याने शेवटच्या रांगेत मुलाच्या उंचीवर बसावे. शब्द दोन मीटरवरून ऐकल्याइतका स्वच्छ वाटेपर्यंत बटन हळूहळू फिरवावे. शिट्टी आल्यास मायक्रोफोन लाउडस्पीकरच्या तोंडासमोर आला आहे असे समजून जागा बदलावी. जेथे शिट्टी सुरू होते त्याच्या बरेच खाली बटन थांबवावे व तेथे रंगाची खूण करावी. नंतर शेजारच्या वर्गात जाऊन त्या वर्गास उपद्रव होत नाही ना, हे पाहावे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार शैक्षणिक संस्थांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. गावाने शाळेजवळ शांतता पाळावी अशी अपेक्षा करताना शाळेचा आवाजही आपल्या भिंतींत राहिला पाहिजे.

६. उपयोगाची मर्यादा

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात १९७७ पासून झालेल्या एका प्रकल्पात किंचित श्रवणन्यूनता असलेली मुले ध्वनिवर्धक लावलेल्या सर्वसाधारण वर्गांतच शिकविली गेली व त्यांच्या वाचनात आणि भाषेत प्रगती दिसून आली. शिक्षकाच्या घशावरील ताणही अशा संचाने कमी होतो. परंतु यंत्र शिकवीत नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांतील खेड्यांत शेतकऱ्यांची नभोवाणी श्रोतृमंडळे चालविली. त्यांचे यश रेडिओ संचात नव्हते. ऐकल्यानंतर होणाऱ्या चर्चेत होते. वर्गातही मायक्रोफोन केवळ शिक्षकाकडे राहू नये. वाचन करणाऱ्या, उत्तर देणाऱ्या, हळू बोलणाऱ्या मुलाच्या हाती तो द्यावा, म्हणजे मुलांना एकमेकांचेही ऐकू येईल. ज्या खोलीत दोन इयत्ता बसतात, तेथे एका इयत्तेचे स्वयंअध्ययन चालू असताना संच बंद ठेवावा.

केंद्रसंमेलनासाठी कार्य

(१) प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात शब्दपरीक्षा दोन दिवस घेऊन पुढील व मागील रांगांचे गुण तक्त्यात मांडावेत.
(२) खोलीची लांबी, रुंदी व उंची मोजून घुमण्याचा काळ काढावा व किती आच्छादन लागेल याचा हिशेब करावा.
(३) बिनखर्ची सुधारणा प्रथम करून परीक्षा पुन्हा घ्यावी. फरक पुरेसा असल्यास संचाची मागणी करू नये.
(४) संच बसविल्यावर महिन्याने नव्या यादीने तिसरी परीक्षा घ्यावी. ज्या मुलांच्या गुणांत तरीही फरक पडला नाही, त्यांची नावे मुख्याध्यापकांनी आरोग्य पथकाकडे पाठवावीत आणि तपासणी झाली की नाही, याचा पाठपुरावा करावा.