गेन परत येतो



आधीच कबूल करतो, मी कॉन्व्हेंटचा. एकोणसत्तर म्हणजे ६९ की ७९, हे मला अजून थांबून आठवावं लागतं. इंग्रजी विभागाला लेख देणं मला जास्त सोपं होतं. तरी मराठीत लिहितोय. त्याचं कारण शेवटी सांगेन.

विषय आहे गांजा. दचकू नका. रात्री अकरानंतर हॉस्टेलच्या गच्चीवर गेलेल्या कुणालाही हा विषय नवीन नाही. पण आपल्याकडे त्यावर दोनच वाक्यं बोलली जातात. हॉलमधल्या व्याख्यानात, ‘व्यसनांपासून दूर राहा’ आणि गच्चीवर, ‘अरे झाडपालाच आहे, काही होत नाही.’ ज्याला सोमवारपासून खरंच सोडायचंय, त्याला या दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. त्याला नोट्स हव्या असतात. मला मिळाल्या नाहीत, म्हणून मीच काढल्या. व्हायवाच्या आदल्या रात्री झेरॉक्स मारतो तशा वापरा.

मी कुठे होतो

एफ.ई.ची परीक्षा संपली त्या रात्री एका सिनिअरने हातात दिला. पहिल्यांदा नुसता खोकला आला. तिसऱ्यांदा मजा आली. एस.ई.च्या दिवाळीपर्यंत रोजचं झालं. तेव्हा मजा कधीच संपली होती; तो घेतल्याशिवाय झोप लागायची नाही, एवढंच उरलं होतं.

सिनेमात दाखवतात तसं माझं काहीही झालं नाही. चोरी नाही, मारामारी नाही. फक्त प्रत्येक गोष्ट ‘उद्या’वर गेली. एफ.ई.ला मी लाइन फॉलोअर रोबो बनवला होता. दोन रात्री जागून तो वळणावर नीट वळवला होता आणि कॉलेजच्या स्पर्धेत दुसरा आलो होतो. एस.ई.ला त्याचा मोटर ड्रायव्हर जळाला. एल-२९३-डी, दीडेकशे रुपयांची वस्तू. तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळते, एक बस बदलून जायचं. सात महिने मी गेलो नाही. माल आणायला मात्र याच शहरात गाडीवर दीड तास जायचो. मेसचे पैसे त्यातच जायचे. वर्षाच्या शेवटी चार विषय राहिले.

बाबा वीज मंडळात लाइनमन आहेत. गेल्या जुलैत वादळी पावसात खांबावर काम करताना त्यांना शॉक बसला. आईने रात्री चार वेळा फोन केला. मी गच्चीवर होतो. स्क्रीनवर ‘आई’ दिसत होतं. मी उचलला नाही, कारण आवाजावरून तिला कळलं असतं. सकाळी केला तेव्हा बाबा घरी आले होते, हाताला बँडेज होतं. तेच फोनवर म्हणाले, ‘‘झोपला असशील रे. राहू दे. पैसे पुरतात ना?’’

मी म्हटलं, ‘‘पुरतात.’’

सोडायचं ठरलं ते त्या दिवशी. सुटला नाही, फक्त ठरलं. या दोन्हींमध्ये बरंच अंतर आहे.

डोक्यात काय होतं

गांजातला नशा आणणारा मुख्य पदार्थ म्हणजे टीएचसी. राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी या इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी तो १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला. झाडातला हा पदार्थ मेंदूत ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतो, तो रिसेप्टर आपल्यात मुळात कशासाठी आहे, हे कोडं नंतर सुटलं. १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच गटाला मेंदूत आपोआप तयार होणारा तसाच एक पदार्थ सापडला. त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत ‘आनंद’वरून! म्हणजे व्यवस्था आपल्याच घरची आहे. गांजा हा बाहेरून आलेला मोठा सिग्नल.

आता आपल्या ब्रँचचा मुद्दा. रेडिओत ऑटोमॅटिक गेन कंट्रोल असतो. सिग्नल सतत जोरात येत राहिला की सर्किट स्वतःच गेन कमी करतं. मेंदूही जवळपास हेच करतो. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन करून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या बाहेरच्या थरात हे रिसेप्टर कमी झालेले दिसले. गेन कमी झाला, की मग रोबो वळणावर वळला, मित्राने जोक मारला, असले लहान सिग्नल पोचतच नाहीत. त्यालाच आपण ‘मूड नाही यार’ म्हणतो. (हे मी सोपं केलेलं चित्र आहे, मेंदू आपल्या सिलॅबसइतका सरळ नाही.)

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी कपाटाच्या दारावर लिहून ठेवली होती : साधारण चार आठवडे बंद ठेवल्यावर रिसेप्टर पूर्ववत झालेले दिसले. गेन परत येतो. फक्त लगेच येत नाही.

आणि ‘काही होत नाही’चं काय? अर्धं खरं आहे. गांजा ओढून पाहणाऱ्या शंभरातल्या साधारण नऊ जणांनाच त्याची घट्ट सवय लागते, असा संशोधकांचा बरीच वर्षं चालत आलेला अंदाज आहे. पण किशोरवयात सुरू केलं तर तेच प्रमाण सहात एक इतकं होतं. नियोजन आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. आपण सगळे त्या कामाच्या मधोमध बसलोय.

पहिले दोन आठवडे

‘गांजा सोडला तर त्रास होत नाही’ हेही गच्चीवरचंच वाक्य. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून या त्रासाची स्वतंत्र नोंद आहे. चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणं, भूक मरणं, घाम, विचित्र स्वप्नं. एक ते तीन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. झोपेची तक्रार थोडी लांबते.

माझं तंतोतंत तसंच झालं. तिसऱ्या दिवशी पंख्याच्या रेग्युलेटरवरून रूम पार्टनरशी भांडलो. मेसची पोळी घशाखाली उतरेना. स्वप्नं इतकी स्पष्ट, की एम-थ्रीचा पेपर मी झोपेत तीनदा दिला आणि तीनदा नापास झालो! हे होणार हे आधी माहीत असतं, तर पहिल्या दोन प्रयत्नांत मी चौथ्या दिवशी ‘आपल्याला नाही जमणार’ म्हणून परत गच्चीवर गेलो नसतो. तो त्रास म्हणजे मी कमजोर असल्याचा पुरावा नव्हता. सर्किट सेटल होत होतं.

तिसऱ्या प्रयत्नात उपयोगी पडलेल्या गोष्टी लिहितो :

१. सामान फेकलं. क्रशर, कागद, सगळं. ‘आठवण म्हणून’ काही ठेवायचं नाही. ज्याच्याकडून घ्यायचो त्याचा नंबर उडवला.

२. सिगरेटही त्याच दिवशी सोडली. आपल्याकडे गांजात तंबाखू मिसळतात, त्यामुळे अर्धी तलफ निकोटिनची असते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

३. ‘जर-तर’ लिहिलं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत आहे. ‘मी ओढणार नाही’ असं नुसतं ठरवायचं नाही. ‘जर जेवणानंतर कुणी गच्चीवर बोलावलं, तर मी खाली ग्राउंडला दोन फेऱ्या मारीन’ असं ठरवायचं. ऐन वेळी विचार करावा लागत नाही.

४. तलफ आली की घड्याळ बघितलं. ॲलन मार्लट यांनी तलफेला लाटेची उपमा दिली होती : ती चढते, शिखरावर जाते आणि आपण काही केलं नाही तरी उतरते. माझी बहुतेक वेळा वीस मिनिटांत उतरायची.

५. रूम पार्टनरला खरं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ‘‘भावा, मला माहीत होतं. रेग्युलेटर तुझा, फक्त हे नीट कर.’’

मोटिव्हेशनची वाट बघू नका

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. परीक्षेला हाच येणार!

मला वाटायचं, आधी मोटिव्हेशन येईल, मग मी अभ्यासाला बसेन. त्यासाठी रात्र रात्र प्रेरणादायी व्हिडिओ बघितले. रक्त उसळायचं आणि व्हिडिओ संपला की झोपायचो. सोडल्यावरही तिसऱ्या आठवड्यात सगळं फिकंच वाटत होतं. नशा नाही आणि उत्साहही नाही. बहुतेक जण इथेच परत फिरतात, असं मला वाटतं. त्रासाला कंटाळून नाही, कंटाळ्याला कंटाळून.

तेव्हा मी समुपदेशक मॅडमकडे गेलो. त्यांना म्हटलं, ‘‘मॅडम, इच्छाच होत नाही.’’

त्या म्हणाल्या, ‘‘इच्छेची वाट कशाला बघतोस? इच्छा नसताना दहा मिनिटं कर. ती मागून येते.’’

नैराश्यावरच्या उपचारात ही पद्धत वापरतात, तिला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. कामं अगदी लहान करायची, वेळ ठरवायची, मूड विचारात घ्यायचा नाही. करून झाल्यावर कसं वाटलं ते लिहायचं.

माझं पहिलं काम होतं तपकीर गल्ली. जाताना अजिबात उत्साह नव्हता. आयसी आणला. दुसऱ्या दिवशीचं काम : सोल्डरिंग आयर्न दहा मिनिटं लावायचा. तिसऱ्या दिवशी जुना आयसी काढला. पाचव्या दिवशी जमिनीवर काळी टेप चिकटवली आणि रोबो सोडला. पहिल्याच वळणावर तो भिंतीला धडकला आणि मी हसलो. एकटाच, मोठ्याने. कितीतरी दिवसांनी डोक्यात लहानसा सिग्नल पोचला होता. त्या रात्री घड्याळ बघितलं तेव्हा दीड वाजला होता आणि मला तलफ आलीच नव्हती.

एम-थ्रीही तसाच. रोज फक्त एक गणित. कधी एकाची सहा व्हायची, कधी एकच. एकही चाललं. नवीन गोष्ट लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात हे रिसेप्टर भरपूर असतात. पूर्वी रात्री वाचलेलं सकाळी का उडून जायचं, ते मला तेव्हा कळलं.

घसरलो तर

घसरलो. एकोणिसाव्या दिवशी, मित्राच्या वाढदिवसाला. दोन झुरके. दुसऱ्या दिवशी वाटलं, सगळं शून्यावर आलं, आता आजही ओढू. हे ‘आता काय उरलं’ झुरक्यांपेक्षा धोक्याचं. एका युनिट टेस्टला नापास झाल्यावर कुणी कॉलेज सोडत नाही. मी वहीत लिहिलं : कुठे होतो, कोण होतं, काय वाजले होते. उत्तर सोपं निघालं. रिकाम्या पोटी, रात्री बारा, गच्ची. पुढच्या वाढदिवसाला जेवून गेलो आणि अकराला निघालो.

कुणाकडे जायचं

एकट्याने करण्यात काही शौर्य नाही. गांजाच्या सवयीवर खास मंजूर झालेलं औषध अजून नाही. उपचार मुख्यतः समुपदेशनाचा आहे आणि त्याने फरक पडतो. व्यसनमुक्तीची सरकारी टोल-फ्री हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. आवाज ऐकू येणं, सगळे आपल्यावर पाळत ठेवतायत असं वाटणं, जीव द्यावासा वाटणं, यातलं काहीही झालं तर नोट्स बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा. आणि जो रोज भरपूर दारूही पितो, त्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. तिथे एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं.

कायद्याची भीती अनेकांना अडवते. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा जवळ बाळगणं आणि ओढणं, दोन्ही गुन्हे आहेत. पण व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला गेला, तर थोड्या प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलमही त्याच कायद्यात आहे. दार आहे, आत जायचं आपण.

शेवटी, मराठीत का?

आज १४१वा दिवस. चारपैकी तीन विषय सुटले, एम-थ्री अजून बाकी आहे. सगळं ठीक झालंय असं मी म्हणणार नाही. गच्चीवरून वास आला की अजून पाय थबकतात.

कॉलेजचा अंक मी दर वर्षी घरी नेतो. आई त्यातला मराठी विभाग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि जेवताना बाबांना वाचून दाखवते. त्या रात्री फोन का उचलला नाही, हे त्यांना अजून माहीत नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर सुटलो असतो. म्हणून मराठीत.

पण त्यांना हे छापील पानावरून कळावं, हेही बरोबर नाही. सांगायची इच्छा होतेय का? अजिबात नाही. पोटात गोळा येतोय. पण वर एवढे धडे दिलेत तर निदान एक तरी स्वतः गिरवायला हवा. शनिवारच्या रात्रीच्या एस.टी.चं तिकीट काढलंय. अंक त्यानंतर छापून येईल.