गेम स्टुडिओ काढायचाय? आधी खर्चाची वही उघडा

“गेमिंगवर तर सरकारनं बंदी घातली ना? मग हा त्यात करिअर कसं करणार?” हा प्रश्न पालक हल्ली हमखास विचारतात. आधी तो गैरसमज दूर करू. ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. ई-स्पोर्ट्सला आणि करमणुकीच्या किंवा शिक्षणाच्या खेळांना तोच कायदा उत्तेजन द्यायचं म्हणतो. तुमची मुलगी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर पात्रं घडवत असेल किंवा मुलगा युनिटी या गेम इंजिनात रात्र-रात्र बसत असेल, तर ती मुलं जुगाराच्या वाटेला लागलेली नाहीत.

काळजी करायचीच असेल तर वेगळ्या गोष्टीची करा. ही मुलं कोडिंग शिकतात, अ‍ॅनिमेशन शिकतात, पण चार जणांचा स्टुडिओ महिनोन् महिने कसा चालवायचा हे त्यांना कुणी शिकवत नाही. छोटे स्टुडिओ कौशल्य कमी पडल्यामुळं क्वचित बंद होतात. पैसे संपतात किंवा मित्रांचं फाटतं, आणि अर्धा झालेला खेळ हार्ड डिस्कवर पडून राहतो.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण घ्या. ‘राजी’ या खेळासाठी त्यांनी 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून निधी मागितला. ठरवलेली रक्कम जमली नाही, आणि तिथला नियम असा की लक्ष्य गाठलं नाही तर हातात काहीच पडत नाही. तरीही ऑगस्ट 2020 मध्ये ‘राजी’ निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर ठिकाणी आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या खेळासाठीच्या पुरस्काराचं नामांकन त्याला मिळालं. नामांकनाचं कौतुक सगळे करतात. मला जास्त मोलाची वाटतात ती मधली तीन वर्षं, कारण त्या काळातही दर महिन्याला पगार, भाडं, वीजबिल चुकलेलं नसतं.

म्हणून विद्यार्थ्यांना मी आधी एक हिशेब मांडायला लावते. समजा चार मित्र आहेत. प्रत्येकानं जेमतेम 30,000 रुपये घेतले तर झाले 1,20,000. भाडं, वीज, इंटरनेट 40,000. संगीतकार, सॉफ्टवेअर, सीए आणि अडीअडचण धरून आणखी 40,000. म्हणजे महिन्याला 2 लाख. खेळाला दीड वर्ष लागणार असेल तर 36 लाख. आता दुसरी बाजू बघा. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात भारतात 500 रुपयांना विकलेल्या प्रतीतून 18 टक्के जीएसटी गेला की उरतात सुमारे 424. त्यातला 30 टक्के वाटा स्टीमचा. तुमच्या हाती साधारण 297 रुपये. नुसता खर्च भरून काढायला बारा हजारांवर प्रती विकाव्या लागतील, त्याही पूर्ण किमतीला. सवलतीचे सेल असतात, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांत पैसे परत मागायची मुभा ग्राहकाला असते. परदेशात किंमत जास्त ठेवता येते, हा त्यातला दिलासा.

बँकेत 20 लाख असतील तर या स्टुडिओचं आयुष्य दहा महिन्यांचं आहे. स्टुडिओवाले याला रनवे म्हणतात. दहा महिन्यांच्या रनवेवर दीड वर्षाचा खेळ हाती घ्यायचाच नाही. सहा महिन्यांत संपेल असा खेळ निवडायचा आणि उरलेले चार महिने दुरुस्त्यांसाठी, प्रसिद्धीसाठी आणि पैसे हाती येईपर्यंतच्या काळासाठी राखायचे. एका महिन्याच्या विक्रीची रक्कम स्टीमकडून पुढच्या महिन्याच्या अखेरीस मिळते. रनवे किती महिन्यांचा उरला तो आकडा दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांसमोर फळ्यावर लिहावा, आणि तो चारवर आला की बाहेरची छोटी कामं घ्यायला लागावं.

करारांबद्दल मी फार आग्रही आहे. “आपण मित्रच आहोत, कागद कशाला?” असं म्हणून काम सुरू होतं. आठव्या महिन्यात एकाला कॅम्पसमधून नोकरी लागते, दुसरा एमएससाठी परदेशी जातो. त्यांचा हिस्सा किती? याचं उत्तर पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवायचं असतं. चांगली रीत अशी की हिस्सा एकदम न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं पदरात पडावा आणि वर्षाच्या आत सोडणाऱ्याला तो मिळू नये. एलएलपी करा किंवा प्रायव्हेट लिमिटेड, ही अट मात्र करारात आलीच पाहिजे.

बाहेरच्या संगीतकाराकडून सूर करून घेतले तर पैसे दिले म्हणजे हक्क आले, असं होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवायचे तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा खेळ तर पहिल्या दिवसापासून जगभर विकला जाणार. वकिलाकडून एकदाच नमुना करार करून घ्या, तोच पुढं वापरता येतो.

रोजच्या कामाला फार व्यवस्था लागत नाही. दर शुक्रवारी खेळता येईल असा बिल्ड तयार हवा आणि तो सगळ्यांनी खेळायचा. स्टीमचं खातं, डोमेन, गिटहब यांपैकी काहीच एकाच्या खासगी ईमेलवर नको. स्टीम नेक्स्ट फेस्ट हा येऊ घातलेल्या खेळांच्या डेमोंचा महोत्सव वर्षातून तीनदा भरतो, पण एका खेळाला तिथं एकदाच जाता येतं, तेव्हा डेमो कच्चा असताना घाई करू नये. रात्रपाळ्या ही सवय झाली असेल तर वेळापत्रक चुकलंय असं समजावं आणि खेळातला एखादा भाग कापावा.

हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला प्रोड्युसर म्हणतात. कॉमर्सच्या मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. चित्र काढता येत नाही म्हणून हा दरवाजा बंद नसतो. पदवीनंतर दोन-तीन वर्षं मोठ्या स्टुडिओत काढली, तर दुसऱ्याच्या खर्चानं ही शिस्त शिकायला मिळते. पुण्यात युबीसॉफ्टसारखा मोठा स्टुडिओ आहे. घरची ओढाताण असेल तर हाच मार्ग धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पालकहो, “यात स्कोप आहे का?” हे विचारण्याऐवजी मुलांकडून महिन्याच्या खर्चाचा तक्ता आणि मित्रांमधला करार मागा. दोन्ही तयार असतील तर एक वर्ष द्या. आणि विद्यार्थ्यांनो, दर जानेवारीत ग्लोबल गेम जॅम भरतो, मोजक्या तासांत खेळ पूर्ण करायचा असतो. येत्या जानेवारीत त्यात नक्की उतरा, आणि सुरू करण्यापूर्वी कोण काय करणार हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.