नारिंगी पेटुनिया आणि मक्याचे जनुक

हिवाळ्याच्या प्रारंभी शासकीय विश्रामगृहांच्या, शाळांच्या व बंगल्यांच्या आवारात पेटुनियाचे ताटवे फुललेले दिसतात. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती बटाटा, टोमॅटो व तंबाखू यांच्या कुळातील आहे. जांभळा, गुलाबी, तांबडा, पांढरा असे तिचे अनेक रंग आपल्या परिचयाचे आहेत. विटकरी छटेचा नारिंगी रंग मात्र बागेतील पेटुनियात पारंपरिक संकरणाने आणता आला नव्हता. तो प्रयोगशाळेत आणला गेला आणि पुढे कोणाच्या ध्यानात न येता बाजारात पोहोचला. शोभेच्या फुलझाडांच्या जनुकीय अभियांत्रिकीचा विचार करताना हा इतिहास शास्त्राच्या अभ्यासकाइतकाच प्रशासनातील व्यक्तीनेही जाणून घेण्याजोगा आहे.

रंग कसा तयार होतो

बहुसंख्य फुलांचे लाल, जांभळे व निळे रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतात. त्यांचे तीन प्रमुख गट आहेत. पेलारगोनिडिन नारिंगी-तांबड्या, सायनिडिन लाल आणि डेल्फिनिडिन निळ्या-जांभळ्या छटा देते. पाकळीच्या पेशीत ही द्रव्ये टप्प्याटप्प्याने तयार होतात. प्रत्येक टप्प्यावर एक विकर काम करते आणि ते विकर तयार करण्याची आज्ञा त्या वनस्पतीच्या जनुकात असते. पेटुनियातील एक विकर नारिंगी रंगाकडे नेणारे मधले द्रव्य स्वीकारतच नाही. त्यामुळे ती वाट तेथेच खुंटते. मक्यातील तेच काम करणारे विकर मात्र हे द्रव्य स्वीकारते.

कोलोन येथील शेत

जर्मनीतील कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी मक्यातील हे जनुक पेटुनियाच्या पेशींत घातले. त्यासाठी पेशीभोवतीची भित्तिका काढून टाकण्यात आली होती. अशा पेशींपासून वाढविलेल्या रोपांना विटकरी रंगाची फुले आली. हे काम 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. 1990 मध्ये अशी सुमारे 30,000 रोपे उघड्या शेतात लावण्यात आली. जनुकांतरित वनस्पतींची इतक्या मोठ्या प्रमाणावरील लागवड त्या काळी जर्मनीत नवीन होती व तिला विरोधही झाला. प्रयोगातून निघाले ते अपेक्षेपेक्षा निराळेच. उन्हाळा कडक होताच पुष्कळ रोपांची फुले फिकी पडू लागली. जनुक जागच्या जागी होते, परंतु त्यावर रासायनिक खुणा बसून त्याचे काम थांबले होते. बाहेरून आणलेले जनुक वनस्पतीत नेहमीच एकसारखे काम करील असे गृहीत धरता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याच वर्षी अमेरिकेत व नेदरलँड्समध्ये दुसरा अनुभव आला. जांभळ्या पेटुनियाचा रंग गडद व्हावा म्हणून रंगद्रव्याचेच एक जनुक अधिक प्रमाणात घातले, तर काही रोपांना पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुले आली. वाढविलेल्या जनुकाने मूळ जनुकालाही मुके केले होते. यामागील यंत्रणेचा उलगडा 1998 मध्ये एका सूक्ष्म कृमीवरील संशोधनातून झाला. त्या कामाबद्दल अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांना 2006 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शोभेच्या फुलावरील संशोधन म्हणजे श्रीमंतांची हौस असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य ध्यानात घ्यावा.

निळ्याचा शोध

गुलाब, कार्नेशन व शेवंती यांत निळ्या रंगाकडे नेणारे विकरच नसते. ऑस्ट्रेलिया व जपानमधील संशोधकांनी इतर फुलांतील जनुके वापरून प्रथम जांभळट कार्नेशन व नंतर गुलाब तयार केला. पॅन्सीचे जनुक घातलेला हा गुलाब 2009 मध्ये जपानात विक्रीस आला. त्याला निळा म्हणण्यापेक्षा फिका जांभळा म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण पाकळीच्या पेशीतील रसाची आम्लता व सोबतची द्रव्ये यांवरही छटा अवलंबून असते. खऱ्या अर्थाने निळी शेवंती जपानी संशोधकांनी 2017 मध्ये जाहीर केली. तिच्यात घातलेल्या दोन जनुकांपैकी एक आपल्या कुंपणावर चढणाऱ्या गोकर्णाचे आहे. आपल्याकडील फुलबाजारात दिसणारे गडद निळे गुलाब मात्र रंगाच्या पाण्याने रंगविलेले असतात. पांढऱ्या फुलाचा दांडा रंगीत पाण्यात ठेवण्याचा शाळेतील प्रयोग शिक्षकांना ठाऊक आहेच. तो रंग त्या फुलापुरताच असतो. जनुकाने आलेला रंग कलमातून पुढे जातो, बियांतूनही उतरू शकतो.

हेलसिंकीच्या स्थानकाबाहेर

2015 मध्ये फिनलंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ तेमू तेरी यांना हेलसिंकी रेल्वे स्थानकाबाहेरील कुंड्यांत नारिंगी पेटुनिया दिसली. त्यांना कोलोनच्या प्रयोगाची आठवण होती. त्यांनी रोपाचा तुकडा तपासला, तेव्हा त्यात मक्याचे जनुक आढळले. युरोपात व अमेरिकेत अशी पेटुनिया विकण्यास तोपर्यंत कोणालाही परवानगी नव्हती. एप्रिल 2017 मध्ये फिनलंडच्या अधिकाऱ्यांनी ही वाणे बाजारातून काढण्याची सूचना दिली. पाठोपाठ अमेरिका व इतर युरोपीय देशांतही तपासणी झाली आणि अनेक नामांकित वाणांत हे जनुक निघाले. व्यापाऱ्यांनी व रोपवाटिकांनी ऐन हंगामात रोपे नष्ट केली.

या रोपांपासून मानवी आरोग्यास वा पर्यावरणास धोका असल्याचे अधिकाऱ्यांनी म्हटले नव्हते. उत्तर युरोपातील थंडीत पेटुनिया उघड्यावर टिकतही नाही. तरीही कारवाई योग्यच होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फुलझाडांच्या धंद्यात एका पैदासकाराचे वाण दुसरा पैदासकार संकरासाठी वापरतो, दर हंगामात नवी नावे येतात, आणि चार पिढ्यांनंतर मूळ जनक कोण हे वेष्टनावर कोठेच राहत नाही. जनुक निरुपद्रवी निघाले हा सुदैवाचा भाग होता. ज्या वाटेने ते गेले, त्या वाटेने दुसरेही जाऊ शकले असते, आणि ते ओळखणारा जाणकार त्या स्थानकावरून जाईलच असे नाही.

याउलट, अंधारात मंद हिरवट प्रकाश देणारी पेटुनिया 2024 मध्ये अमेरिकेत विक्रीस आली, ती आधी शासकीय छाननी होऊन. तिच्यातील प्रकाशाची जनुके एका अळंबीतून घेतलेली आहेत.

आपल्याकडील व्यवस्था

भारतात या विषयाचे नियमन पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खालील 1989 च्या नियमांनुसार होते. हे नियम केवळ अन्नधान्यापुरते नाहीत, शोभेची झाडेही त्यांच्या कक्षेत येतात. जनुकांतरित जीवांची आयात, साठवण, विक्री व पर्यावरणात सोडणे यांस पूर्वपरवानगी लागते. परदेशातून येताना हौसेने सामानात आणलेली बियांची पुडी किंवा कलम यांनाही वनस्पती संगरोधाचे नियम लागू आहेत, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही माहीत नसते.

या नियमांत केंद्रीय समित्यांखेरीज राज्यस्तरीय समितीची आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. ही तरतूद बहुधा कापसाच्या बियाण्याच्या संदर्भातच आठवली जाते. पुण्याजवळ तळेगाव व मावळ भागात हरितगृहांतील गुलाबाची शेती वाढली आहे, आणि त्या व्यवसायातील लागवड साहित्याचा काही भाग परदेशी वाणांचा असतो. अशा ठिकाणी रोपवाटिकांच्या तपासणीत वाणाचे नाव, मूळ पुरवठादार व आयातीची कागदपत्रे एकत्र पाहिली गेली, तर संशय आल्यास पानाच्या लहान तुकड्यावरून प्रयोगशाळेत जनुकाची चाचणी करता येते. फुलांवरील संशोधनासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेचे संचालनालय पुण्यातच आहे, त्यामुळे जाणकारांचा सल्ला घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.