साबणाचा धडा : यात काय घातले आहे?



आमच्या केंद्रातील महिला गट घरी साबण बनवतो, हे आपणांस ठाऊक आहेच. पाहुणे म्हणून आलेल्या बऱ्याच भगिनी कृती विचारतात आणि चरबीचे नाव काढताच थोड्या थबकतात. म्हणून या वेळी अहवालाऐवजी धडाच लिहीत आहे. यात वजन-मापे आहेत, आणि आम्ही केलेली एक चूकही आहे.

पवित्र शास्त्रात साबणाचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी येतो. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात परटाचा खार आहे. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात संदेष्टा सांगतो की, कितीही खार लावला तरी मनावरचा डाग त्याने जात नाही. त्या काळी वनस्पतींच्या राखेतला खार धुण्यासाठी वापरत. आमच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायाही राखेनेच भांडी घासत आल्या आहेत. साबण म्हणजे खार आणि स्निग्ध पदार्थ यांचे लग्न. दोन्ही एकत्र आले की चरबी चरबी राहत नाही आणि खार खार राहत नाही. साबण आणि ग्लिसरीन तयार होते. राखेच्या खाराने मऊ, लोण्यासारखा साबण होतो. घट्ट वडी हवी असेल तर कॉस्टिक सोडा लागतो.

कोणती चरबी, कोणते तेल?

सातपुड्याच्या या भागात सुरुवात चरबीपासून झाली, कारण ती वाया जात होती. आठवडे बाजारात बोकड कापल्यावर गुर्द्याभोवतीची पांढरी चरबी बरेच जण घेत नाहीत. गाय-बैलांच्या कत्तलीला आपल्या राज्यात २०१५ पासून पूर्ण बंदी आहे, त्यामुळे ओळखीच्या खाटकाकडून, डोळ्यांदेखत कापलेल्या बोकडाचीच चरबी आम्ही घेतो.

प्रत्येक स्निग्ध पदार्थाचा स्वभाव वेगळा असतो.

बोकडाची चरबी : वडी घट्ट होते, लवकर झिजत नाही, फेस कमी पण दाट येतो.
डुकराची चरबी : वडी पांढरी, सौम्य, थोडी मऊ.
खोबरेल : फेस भरपूर, जड पाण्यातही येतो, पण जास्त घातले तर कातडी कोरडी पडते.
एरंडेल : थोडे घातले तर फेस टिकतो, जास्त झाले तर वडी चिकट होते.
करंजाचे तेल : वास उग्र, रंग तपकिरी, कपड्यांच्या साबणाला ठीक.
शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल : एकटे वापरले तर वडी मऊ राहते, सोयाबीनची तर लवकर खवट होते.

प्रत्येकाला सोडाही वेगळा लागतो. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८.३ ग्रॅम, बोकडाच्या चरबीला १३.९, डुकराच्या चरबीला १४, मोहाच्या तेलाला १३.५ आणि एरंडेलाला १२.८ ग्रॅम. म्हणून एका तेलाऐवजी दुसरे घातले की हिशेब नव्याने करायचा. आलेल्या बेरजेतून सहा टक्के सोडा कमी करायचा, म्हणजे वडीत थोडा स्निग्धपणा उरतो आणि सोडा मोकळा राहत नाही. पहिल्या वर्षी आम्ही वाटीने मोजले. त्या साबणाने दोघींच्या हातांची सालपटे निघाली आणि सगळा घाणा खड्ड्यात पुरावा लागला. तेव्हापासून वजनकाट्याशिवाय आम्ही सोड्याचा डबा उघडत नाही.

चरबी शुद्ध करणे

चरबीचे बारीक तुकडे करा. मोठ्या पातेल्यात तुकडे बुडतील इतके पाणी आणि मूठभर मीठ घालून मंद आचेवर दोन-तीन तास उकळा. पातळ कापडाने गाळून थंड होऊ द्या. वर पांढरी थाळी जमते, खाली गढूळ पाणी राहते. थाळी उचलून तिच्या बुडाचा तपकिरी थर खरवडून काढा आणि नव्या पाण्यात पुन्हा एकदा उकळा. दोनदा केले की वास जवळजवळ जातो. पाण्याचा अंश राहिला तर चरबी नासते, म्हणून शेवटी पुसून कोरडी करा.

कृती

शुद्ध चरबी ७०० ग्रॅम, खोबरेल ३०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १४३ ग्रॅम, पाणी ३२० ग्रॅम.

आधी सावधगिरी. हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. मुलांना व कोंबड्यांना अंगणाबाहेर ठेवा. काम मोकळ्या हवेत करा. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे घ्या. जर्मनचे पातेले चुकूनही नको. सोडा त्या धातूला खातो आणि पेट घेणारा वायू निघतो. आमच्या पाड्यांवर घरोघरी जर्मनचीच भांडी असल्याने ही सूचना मी दर वेळी दोनदा देते. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचे नाही. अंगावर उडालाच तर भिजलेला कपडा काढून निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा. डोळ्यात गेला तर धुणे थांबवू नका.

सोडा थोडा थोडा पाण्यात सोडून ढवळा. पाणी आपोआप तापते. ते निवत ठेवा. चरबी आणि खोबरेल एकत्र वितळवा. दोन्ही ४५ ते ५० अंशांवर आले की सोड्याचे पाणी बारीक धारेने चरबीत ओता आणि लाकडी उलथण्याने ढवळत राहा. हाताने ढवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. मिश्रण पिठल्यासारखे दाटले आणि उलथण्याची रेघ वर उमटून राहिली की झाले. दुधाच्या पिशव्या कापून अस्तर लावलेल्या लाकडी खोक्यात ओता, वर गोणपाट टाका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच तारेने वड्या कापा आणि बांबूच्या तट्ट्यावर सावलीत सहा आठवडे सुकवा. घाई केली तर वडी हाताला चावते आणि आठवड्यात विरघळून जाते.

बाजारातला प्रश्न

पहिल्या चांगल्या घाण्याच्या वड्या आम्ही हौसेने आठवडे बाजारात मांडल्या. कागदावर फक्त “घरगुती साबण” एवढेच लिहिले होते. एका आजींनी तीन वड्या घेतल्या. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ताई, साबण छान आहे. नातवाचं अंग त्यानंच धुते. पण यात काय घातलंय?”

मी त्यांना खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. उरलेल्या दोन वड्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, “आधी सांगायचंत ना, बाई.” मी पैसे परत दिले. ते त्यांनी मोजलेही नाहीत.

त्या संध्याकाळी गटात फार वेळ बोलणे झाले. एक जण म्हणाली, चरबी साबणात चरबी राहतच नाही, मग सांगायचे कशाला? रसायनशास्त्र तिच्या बाजूने होते. पण आजींनी रसायनशास्त्र विचारलेच नव्हते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यापिण्याच्या वादाविषयी लिहितो. ज्याला मोकळीक आहे त्याने आपली मोकळीक दुसऱ्याच्या वाटेतला धोंडा होऊ देऊ नये, हा त्याचा मुद्दा. आम्हाला चरबी निषिद्ध नाही, ही आमची मोकळीक. ती आजींच्या नातवाच्या अंगाला न विचारता फासण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? १८५७ साली काडतुसांच्या चरबीवरून या देशात काय घडले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. खेड्यात आम्ही मूठभर ख्रिस्ती माणसे आहोत. आमच्या सेवेला शेजाऱ्यांच्या विश्वासाचाच आधार आहे.

मोहाची वडी

उपाय मला सुचला नाही. गटातल्या सर्वांत थोरल्या मावशी, ज्या सभेत सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, “थंडीत आपलं मोहाचं तेल तुपासारखं गोठतं. ते नाही का चालणार?”

मी साबणाच्या माहितीपत्रकांत शोधत होते आणि उत्तर त्यांच्या घरातल्या बाटलीत होते. मोहाच्या बियांना कुठे टोळंबी म्हणतात, कुठे मोहटी. पावसाळ्याच्या तोंडावर फळे पडतात, बिया वाळवून फोडतात आणि घाण्यावर तेल काढतात. ते खाण्यात आणि दिव्यात पिढ्यान् पिढ्या वापरले जाते. त्यात घट्टपणा देणारे अंश पुष्कळ असल्याने साबणात ते चरबीची जागा बऱ्याच अंशी घेते.

मोहाचे तेल ६०० ग्रॅम, खोबरेल ३००, एरंडेल १००, कॉस्टिक सोडा १४०, पाणी ३२० ग्रॅम. कृती तीच. वडी पिवळसर होते आणि चरबीच्या वडीपेक्षा उशिरा घट्ट होते, म्हणून आठ आठवडे सुकवतो.

चरबीची वडी आम्ही सोडलेली नाही. ज्यांना चालते त्यांच्या घरी ती जाते, पण कागदावर मोठ्या अक्षरांत “बोकडाची चरबी” लिहूनच. दोन्हींची भांडीही वेगळी ठेवली आहेत. विक्रीसाठी अंगाचा साबण बनवायचा तर परवाना लागतो, हे आम्हाला उशिरा कळले. तो मिळेपर्यंत बाजारातली विक्री थांबवून साबण गटातील घरांपुरता आणि वसतिगृहापुरता ठेवला आहे.

एक गोष्ट स्पष्ट करते. साबणाने खरूज बरी होत नाही. त्यासाठी दवाखान्यातले मलमच लागते, आणि घरातल्या सर्वांनी एकदम लावावे लागते. पण जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुतले तर मुलांचे जुलाब कमी होतात. त्यासाठी वडी घरात असावी लागते, हाच या खटाटोपाचा हेतू.

आजी अजून बाजारात भेटतात. मोहाची पहिली वडी मी त्यांना तशीच दिली आणि त्यांनी विचारण्याआधी सगळे पदार्थ वाचून दाखवले. त्यांनी वडी हुंगली, पदराला बांधली आणि म्हणाल्या, “आता नातवाला लावते.”

प्रार्थनेचे विषय : परवान्याचे काम सुरळीत व्हावे. यंदा मोहाला चांगले फळ यावे. गटातील भगिनींचे हात व डोळे सुरक्षित राहावेत. आणि आमच्या प्रत्येक वस्तूवर जे लिहिले आहे तेच तिच्यात असावे.

गरज : ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारे दोन काटे, जाड रबरी हातमोजे, संरक्षक चष्मे आणि स्टीलची मोठी पातेली. जुनी चालतील, जर्मनची मात्र नकोत.