धाकाने झालेली कामं

चि. मुक्ता,


तुमच्या साहेबांसमोर कुणी ब्र काढत नाही, म्हणून कामं झटपट होतात, असं तू कौतुकाने लिहिलं आहेस. धाकाने कामं होतात हे खरंच. मला काळजी त्याचीच वाटते.

फोक्सवॅगनचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांना अमेरिकी मोटार उद्योगातल्या बॉब लुट्झ यांनी एकदा विचारलं, तुमच्या गाड्यांच्या पत्र्यांचे जोड इतके नेटके कसे? पिएख म्हणाले, सगळ्या संबंधितांना खोलीत बोलावलं, सहा आठवड्यांची मुदत दिली आणि बजावलं, नावं माझ्याकडे आहेत, जमलं नाही तर सगळ्यांना बदलेन. लुट्झ यांनीच ही हकिकत लिहिली आहे. जोड सुधारले, कारण ते सुधारण्यासारखे होते.

पुढे त्याच कंपनीत डिझेल इंजिन स्वस्त हवं, दमदार हवं आणि अमेरिकेच्या प्रदूषण मर्यादेतही हवं, अशी मागणी आली. ती त्या इंजिनाला पेलणारी नव्हती. 'साहेब, हे होणार नाही' असं सांगण्याऐवजी गाडीत सॉफ्टवेअर बसलं. चाचणी चालू आहे हे ओळखून ते तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करी. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जाई. सप्टेंबर 2015 मध्ये हे उघडकीला आलं. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या निघाल्या, आपल्याकडे सव्वातीन लाखांच्या आसपास. भुर्दंड 30 अब्ज युरोंच्या वर गेला.

कंपनीचे त्या वेळचे प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. आपल्याला गैरप्रकार ठाऊक नव्हता, असं ते म्हणाले. 2011 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात हेच गृहस्थ ह्युंदाईच्या गाडीत बसून स्टिअरिंग वरखाली करून पाहत होते. आवाज येत नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्या माणसांना तिथेच जाब विचारला, हे यांना जमतं, आपल्याला का नाही? परक्याच्या स्टिअरिंगची एवढी बारीक खबर घेणाऱ्याला स्वतःच्या इंजिनाची खबर कुणी दिली नाही, हे त्यांचं म्हणणं खरं मानलं तर मला फार भयंकर वाटतं.

तुझ्याही हाताखाली आता माणसं आहेत. बैठकीत सर्वांत नवख्याला आधी बोलू दे, तुझं मत शेवटी सांग. कुणी 'जमणार नाही' म्हणालं, तर काय अडतंय ते विचार. महिनोन्‌महिने एकही वाईट बातमी आली नाही, तर स्वतः शॉपफ्लोअरवर जाऊन बघ. आणि चाचणीचा नापास अहवाल हाती आला, तर एक आकडाही न बदलता साहेबांच्या टेबलावर ठेव.

तुझा,
वसंतकाका