हीथक्लिफचा सातबारा

मुळशीतल्या घोटावड्यात आमच्या पडवीत पावसाळ्यात संध्याकाळी पुस्तकं सांगायचा परिपाठ आहे. वाचून दाखवायची नाहीत, सांगायची. लावणी उरकलेली असते, श्रावणातली पोथी लागायला अवकाश असतो आणि लाईटचा भरवसा नसतो. धारप-मतकरींच्या गूढकथा झाल्या, तेव्हा कॉलेजच्या पोरींनी फर्माईश केली: आता भुताची, पण प्रेमाची. मी एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’ काढली. १८४७ची इंग्रजी कादंबरी, यॉर्कशरच्या उजाड माळावरची. उचलून आणलेला अनाथ हीथक्लिफ, त्याच्यात जीव अडकलेला असूनही श्रीमंत लिंटनच्या घरी लग्न करून जाणारी कॅथरिन, आणि ती मेल्यावरही तिला न सोडणारा तो. ऐकणाऱ्यांनी जे ऐकवलं, त्यातलं काही टिपून ठेवते.

१. भुताला लोक घाबरतील, असं धरून चालू नये.

लॉकवूड नावाचा भाडेकरू वादळामुळे ‘वुदरिंग हाइट्स’ या घरात मुक्कामाला अडकतो. रात्री तावदानावर फांदी वाजते म्हणून काच फोडून हात बाहेर घालतो, तर एक लहानसा गारठलेला हात त्याची बोटं धरतो. ‘मी कॅथरिन लिंटन, आत घे’ म्हणून पोर रडते. हात सुटेना तेव्हा हा भेदरून तिचं मनगट फुटक्या काचेवर घासतो, अंथरुणावर रक्त येईपर्यंत. मी आवाज खाली आणून, थांबत थांबत सांगत होते. किंकाळीची वाट बघत होते म्हणा ना. कोपऱ्यातल्या आजी एकदम कडाडल्या, “लेकराचा हात हाय ना त्यो? मग ह्या बाप्याला काय इंगळ्या डसल्या?” त्यानंतर लॉकवूडला कुणी नावानं ओळखलंच नाही. शेवटपर्यंत तो ‘हात कापनारा’च राहिला.

पुढं कॅथरिन मुलीला जन्म देऊन दोन तासांत जाते. म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होऊन फिरते, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. ब्राँटेबाईंनी नियम पाळला होता. तरी एकीनं अडवलंच, “मेली ती लेकुरवाळी. मग खिडकीशी आली ती पोर कशी? अन् नाव तर सासरचं सांगतीया.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते आजींनीच दिलं, “आगं, माह्यार हाय ते तिचं. माह्यारी यायचं म्हंजी पोर होऊनच यावं लागतंय.”

या कादंबरीवरची बरीच समीक्षा मी वाचली आहे. या वाक्याच्या जवळपास जाणारं त्यात मला तरी काही आठवत नाही.

२. मुळशीत कुठलीही गोष्ट सांगा, जमिनीचे कागद आधी तयार ठेवा.

पडवीबाहेर दुचाकीवर रेलून चार पुरुष उगाचच उभे असायचे. प्रेमाच्या भागात त्यांचं लक्ष मोबाईलमध्ये. कॅथरिनचा भाऊ हिंडली बायको गेल्यावर दारू-जुगाराला लागतो आणि एकेक तुकडा हीथक्लिफकडे गहाण टाकत जातो, इथवर आले आणि मोबाईल खिशात गेले. हिंडली मेल्यावर गहाणदारच घराचा मालक होतो आणि हिंडलीचा मुलगा स्वतःच्या वाड्यात गडी म्हणून राबतो. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. घोटावडे फाट्यापासून हिंजवडीपर्यंत प्लॉटिंगचे बोर्ड वाचत रोज जाणारी माणसं ती. २०१८चा ‘मुळशी पॅटर्न’ त्यांनी पडद्यावर पाहिला, त्याच्या कितीतरी आधी बांधावर पाहिला होता. आणि त्याच्याही मागं १९२१चा सत्याग्रह आहे, टाटांच्या धरणात गेलेल्या जमिनींसाठी सेनापती बापटांनी लढवलेला. इथं जमीन गेल्याची गोष्ट कुणालाच परकी वाटत नाही.

मग दुसरी मिळकत, लिंटनांची. हीथक्लिफ आपल्या मरायला टेकलेल्या मुलाचं कॅथरिनच्या मुलीशी बळजबरीनं लग्न लावतो आणि त्याच्याकडून मृत्युपत्र करून घेतो. बाहेरून लगेच सवाल आला, “पोरगं अज्ञान व्हतं ना? मग मृत्युपत्र चाललं कसं?” मी पुस्तक उघडून पाहिलं. ब्राँटेनं लिहिलंच आहे: मुलगा सज्ञान नसल्यानं जमिनीचं त्याला काही करता आलं नाही, त्यानं चीजवस्तू तेवढ्या बापाला दिल्या, जमीन बापानं बायकोच्या आणि स्वतःच्या हक्काचं नाव सांगून दाबून धरली. सी. पी. सँगर नावाच्या इंग्रज बॅरिस्टरानं १९२६ साली या कादंबरीतल्या वारसाहक्काची अशीच उकल केली होती आणि ब्राँटेचं कायद्याचं ज्ञान पक्कं असल्याचं दाखवून दिलं होतं. आमच्याकडचा बॅरिस्टर दुचाकीवर रेललेला होता, एवढाच फरक.

३. गोष्ट कोण सांगतंय, हे कामाला जाणाऱ्या बायकांना पहिल्यांदा कळतं.

ही सगळी कहाणी लॉकवूडला ऐकवते ती नेली, घरची मोलकरीण. सोसायट्यांमध्ये धुणंभांडी करणाऱ्या दोघीजणी तिच्यावर बेहद्द खूश. “मालकिनीला बी जे ठावं नसतंय, ते आमाला ठावं असतंय.” पण त्यांनीच तिचं पितळही उघडं पाडलं. कॅथरिन हीथक्लिफबद्दल बोलत होती तेव्हा तो बाकड्याआड ऐकतोय, हे नेलीला दिसलं होतं. अर्धंच ऐकून तो निघून गेला, तेही तिनं पाहिलं. कॅथरिनला सांगितलं मात्र उशिरा. “मुद्दाम गप बसली ती,” असा निकाल लागला.

४. पोरींना आवडलेला नायक कुत्र्यामुळे पडतो.

पोरींनी ‘ट्वायलाइट’ पाहिलेला. त्यातल्या नायिकेचं हे लाडकं पुस्तक, हे कळल्यावर हीथक्लिफला आयतेच गुण मिळाले. जळणारा, झुरणारा, थडगं उकरणारा. ‘असं कुणीतरी हवं’ वगैरे. मावशी मंडळी मात्र पहिल्यापासून त्याला स्थळ म्हणूनच पारखत होती: वेव्हार चोख, स्वभाव नाही. मग तो सूड म्हणून लिंटनच्या बहिणीला, इझाबेलाला पळवतो आणि त्याच रात्री तिच्या कुत्रीला रुमालानं टांगतो. पोरी गप्प. एकजण म्हणाली, “मॅडम, याला ब्लॉक.”

सगळ्या पांगल्यावर एक नवी सून मागं राहिली. छत्री उघडायला तिला फार वेळ लागत होता. इझाबेला पुढं कुठं गेली, असं तिनं विचारलं. बर्फातून पळाली, तिकडं दक्षिणेला लंडनच्या बाजूला जाऊन राहिली, तिथंच तिला मुलगा झाला, असं मी सांगितलं. “पैशाचं काय केलं तिनं?” भाऊ पत्र पाठवायचा, एवढंच पुस्तकात आहे. ती “बरं” म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी इझाबेलाचा भाग कुणी न मागता पुन्हा सांगितला, सावकाश.

५. ‘हे कशाला सांगता?’ असं विचारणारा भेटणारच.

अंधश्रद्धा पसरते, असा एका तरुणाचा आक्षेप होता. तो मला आदरणीय वाटतो. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात तो असायलाच हवा. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होते म्हणून सिंधुदुर्गात ओरड झाली होती. पुढं त्याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वात अण्णा नाईक आणि शेवंतानं लोकांना खिळवून ठेवलं. ब्राँटेच्या वाट्यालाही शिव्याच जास्त आल्या. एलिस बेल या टोपणनावानं लिहिणारी ही बाई १८४८च्या डिसेंबरात तिशीतच गेली. मागं तिच्या लिहिण्याच्या पेटीत पाच परीक्षणांची कात्रणं सापडली. तरुण पुढच्या संध्याकाळीही आला. आक्षेप कायम ठेवून.

६. शेवटावर एकमत होत नाही.

हिंडलीच्या अडाणी राहिलेल्या मुलाला कॅथरिनची मुलगी वाचायला शिकवते आणि दोघांचं लग्न ठरतं. पोरींना हे मिळमिळीत वाटलं. पुरुषांना एवढंच हवं होतं, की मूळ मालकाच्या पोराची वारसनोंद लागली का.

आता ‘ड्रॅक्युला’ची मागणी आहे. धारपांच्या ‘लुचाई’मुळे रक्त पिणारे इथं ओळखीचे आहेतच. शिवाय ती कादंबरी सुरूच होते ती एका वकिलापासून. सरदाराला लंडनजवळची मिळकत विकायची म्हणून तो कागदपत्रं घेऊन ट्रान्सिल्व्हेनियाला निघालेला असतो. दुचाकीवाले यंदा पडवीच्या आत बसतील, असा माझा अंदाज आहे.